पहिलं माप

आमगावच्या बाजारात मी मलाच पाहिलं.

पोळ्याच्या आधीचा बाजार होता. बैलांसाठी वेसणीचा दोर आणि शिंगांना लावायचा रंग घेतला आणि चहाच्या टपरीवर टेकलो. आम्ही येशूला मानणारे, तरी पोळा करतो. बाप म्हणत असे, पोळा बैलाचा आहे, बैलाला कोणता धर्म? तर असा मी टेकलो होतो आणि शेजारच्या बाकावर तीन-चार माणसं एका मोबाइलवर वाकली होती. मोबाइलमधून ढोलाचं दणदणीत गाणं वाजत होतं.

"देख देख, बुढ्ढा कैसा हाथ उठा रहा है," एक जण म्हणाला. "औरत को पानी में खड़ा करके मंतर मार रहा है."

"कुठचा आहे हा?"

"इकडचाच आहे, कोन्या खेड्यातला. मिलने दो एक बार."

सगळे हसले. माणसाची मान असते, वळतेच. मीही वाकून पाहिलं. पडद्यावर आमचा तलाव होता. घाटाच्या दगडावर धोतर नेसलेला एक म्हातारा, एक हात वर केलेला, हातात भांडं. समोर गुडघाभर पाण्यात एक बाई पदर पसरून उभी. वर लाल अक्षरांत काहीतरी लिहिलं होतं. ते मला लवकर वाचता आलं नाही, मी तिसरीपर्यंतच शाळेत गेलो. पण "धर्म" हा शब्द कळला, आणि "सावधान" कळला.

तो म्हातारा मी होतो.

दुपट्टा तोंडावरून घेतला. अर्धा चहा तसाच ठेवून उठलो. चहावाल्यानं मागून "ओ बाबा" अशी हाक मारली, तर मला वाटलं आता धरलं. तो बिचारा माझी पिशवी द्यायला धावला होता. जीपमध्ये बसून गावाकडे निघालो तेव्हा माझ्या बाजूच्या माणसाच्या खिशातही मोबाइल होता, समोरच्या पोरीच्या हातातही होता. एवढी वर्षं मी माणसाच्या हातातल्या काठीला भ्यालो नाही. त्या दिवशी मोबाइलला भ्यालो.

आता त्या तलावावर खरं काय चाललं होतं ते सांगतो. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

माझ्या बापाचा पाय सडला होता. मिशनच्या दवाखान्यात एका परदेशी बाईनं तो तीन महिने रोज धुतला, आणि पाय वाचला. बाप म्हणाला, ज्या देवाचं नाव घेऊन ही बाई माझा घाण पाय हातात घेते, तो देव मला चालतो. एवढंच झालं आमचं. भावकीनं आम्हाला पंगतीतून उठवलं. आमची भावकी म्हणजे ज्यांच्या पूर्वजांनी हा तलाव खोदला, पाळ बांधली, त्या घरांची. पंगत तुटली, पण पाळीवरची माती तुटली नाही. दर उन्हाळ्यात घरटी माणूस येऊन पाळीवर माती टाकायचा, त्यात बापाची टोपली असायची, मग माझी. तलाव फुटला तर तो कोणाचं शेत सोडत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मिशनमधून बापानं एक रीत घरी आणली. भात शिजवायला तांदूळ घेतले की धुवायच्या आधी त्यातली एक मूठ वेगळ्या गाडग्यात टाकायची. सकाळी एक, संध्याकाळी एक. घरात कितीही ओढ असो, मूठ चुकवायची नाही. गावात आमची पाच घरं. दर रविवारी माझ्या सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, प्रार्थना होते, आणि पाचही घरांची गाडगी एका टोपल्यात रिकामी होतात. मग ते टोपलं घेऊन मी तलावावर जातो आणि ज्याच्या चुलीची पंचाईत असेल त्याला मोजून देतो. तो कोणाचा, कोणत्या देवाचा, हे विचारायचं नाही. बापानं विचारलं नाही, मी विचारत नाही.

तलावावरच कायले, हे म्हातारी मला लग्न झाल्यापासून विचारते. म्हातारी म्हणजे माझी बायको. तिचं म्हणणं, येशूनं गुपचूप द्यायला सांगितलं आहे, या हाताचं त्या हाताला कळू नये. माझं म्हणणं, येशूच्या वेळेस कसं होतं मला माहीत नाही, पण आमच्या गावात जे गुपचूप दिलं ते लाच असते. आणि दुसरं, घ्यायला आलेल्या माणसाला मी माझ्या दारात उभं करणार नाही. तलाव सगळ्यांचा आहे. बाई धुणं धुवायला येते, जाताना धुण्यासंगं तांदूळ नेते. कोणाची मान खाली जात नाही.

एक नवीन पाळक गोंदियाहून येतो. तरुण आहे, मन चांगलं आहे. दोन वर्षांपूर्वी तो म्हणाला, "बाबा, हे लोक तांदूळ घेतात, तर आधी प्रार्थनेला बसू द्या ना. वचन ऐकतील, मग घेतील."

मी म्हटलं, "म्हणजे आधी गळ, मग गांडूळ?"

तो लाल झाला. "तसं नाही बाबा."

"मग कसं?"

त्यानं तो विषय सोडला, पण दुसरा धरला. माझ्या मोजण्याचा. धान मोजताना आमच्याकडे पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत. पहिलं माप भरायचं, कपाळाच्या वर उचलायचं आणि म्हणायचं "राम". मग दोन, तीन, चार. खळ्यावर माझा आजा असंच मोजे, बाप येशूचा झाल्यावरही असंच मोजे, आणि माझ्या तोंडात तेच बसलं. पाळक म्हणाला, "बाबा, तुम्ही तरी प्रभू म्हणा."

मी म्हटलं, "प्रभू प्रार्थनेत म्हणतो. खळ्यावर राम म्हणतो. देवाले दोन्ही आयकू येते."

तर त्या मोबाइलमध्ये होतं ते हे होतं. माझ्या शेजारच्या घरच्या बाईच्या नवऱ्याला लकवा मारला आहे. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, संपला की लवकर येणारा हलका धान कापायला येईपर्यंत शेतावर काम नसतं. रेशनच्या मशीनवर तिचा अंगठा लागत नाही, रोवून रोवून बोटांच्या रेषाच झिजल्या. मी तिच्यासंगं दोनदा तालुक्याला जाऊन भांडून आलो. ते म्हणाले, करू. त्या रविवारी ती तलावावर नवऱ्याच्या गोधड्या धुवत होती. यंदा तलाव तुडुंब भरलेला, घाटाचे खालचे दगड पाण्यात. मी टोपलं घेऊन आलो तशी ती पाण्यातूनच पदर पसरून म्हणाली, "टाका मामाजी, वर कुठं येऊ? ओले झाले त होऊ द्या, संध्याकाळी शिजवाचेच तर आहेत."

मी मापटं भरलं, वर उचललं, म्हटलं, "राम."

पाळीवरून कोणीतरी ते टिपलं. माझा आवाज काढून टाकला आणि वर ढोलाचं गाणं लावलं. म्हातारा हात वर करून बाईला पाण्यात बाटवून राहिला, असं दिसलं. आवाज राहिला असता तर लोकांनी काय ऐकलं असतं, हे आठवलं की मला हसू येतं. त्या आठवड्यात मात्र हसू आलं नाही.

बाजारातून घरी आलो. म्हातारीला सांगितलं. तिनं सुपातले तांदूळ निवडणं थांबवलं नाही, फक्त विचारलं, "चेहरा दिसते का?"

"दिसते."

"तिचा?"

"तिचाही."

मग तिचे हात थांबले. "आपल्याले काय, आपले पोट्टे बाहेर आहेत. तिनं कुठं जावं?"

त्या दिवसापासून गावाचं वागणं बदलू लागलं. मोठं काही झालं नाही. किराणावाला आधी सामान हातात देई, आता फळीवर ठेवू लागला. न्हावी म्हणाला, आज वेळ नाही, आणि दुकानात कोणीच नव्हतं. ज्याच्या शेताला माझ्या शेतातून पाणी जातं तो बांधावर भेटला, तर पाण्याबद्दल बोलला, पिकाबद्दल बोलला, आणि जाताना नेहमीसारखं "येतो भाऊ" म्हणाला नाही. हे सगळं फार बारीक असतं. रात्री अंथरुणावर ते मोठं होतं. आमच्या घरामागे तणसाचा ढीग आहे, बैलांचा वर्षभराचा चारा. त्याला काडी लावायला एक माणूस पुरतो. मी रोज दोनदा उठून त्याला हात लावून येऊ लागलो. म्हातारीनं एकदा विचारलं, "त्याले थोपटून झोपवून राहिले का?"

प्रार्थना करत होतो. खोटं कायले सांगू, प्रार्थनेनं भीती गेली नाही. भिऊ नको, असं वचनात पुष्कळ ठिकाणी आहे, आणि पाळक ते फार चांगलं सांगतो. पण मला वाटतं, ज्याला ते सांगितलं तो भ्यालेला होता म्हणूनच सांगावं लागलं असेल. न भ्यालेल्याला कोण म्हणते भिऊ नको?

पोळा झाला. मी बैल सजवले, पण तोरणाखाली नेले नाहीत. घरीच पुरणाचा घास दिला.

दुसऱ्या दिवशी नारबोद. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पोट्टे पळसाच्या फांद्या घेऊन गावातून ओरडत जातात, गावातली रोगराई, ढेकूण, माश्या सगळं नारबोदेसंगं शिवेबाहेर हाकलतात. लहानपणी मीही ओरडलो आहे. आमचं घर गावाच्या टोकाला, त्यामुळे शेवटी सगळे माझ्या दारावरूनच जातात. उजाडायच्या वेळेस आवाज आला.

"खोकला-खासी घेऊन जा गे नारबोद!"

"माश्या-मच्छर घेऊन जा गे नारबोद!"

मग माझ्या घरासमोर थांबले. एक पोरगा खुसखुसला. आणि मग:

"बाटगे-कुटगे घेऊन जा गे नारबोद!"

पळसाच्या फांद्या आमच्या दारावर सपासप बसल्या. मी आत उभा होतो. हातात काठी होती, ती उंबरठ्याच्या बाहेर गेली नाही. म्हातारीनं माझा सदरा मागून धरला होता. मला वाटलं होतं, असं कधी झालं तर मी दार उघडीन, छाती काढीन, एकेकाच्या बापाचं नाव घेईन. मी दार उघडलं नाही. आवाज शिवेकडे गेला, तरी बराच वेळ आम्ही तसेच उभे होतो. बाहेर पाहिलं तर उंबरठ्यावर पळसाची पानं पडली होती. म्हातारीनं ती झाडून चुलीत घातली.

सकाळी शेजारची बाई कुंपणाजवळ आली. म्हातारी तिला म्हणाली, "अवं, या रविवारी तलावावर नको. मी इथूनच, कुंपणावरून तुले देते. कोणी पाहणार नाई."

ती म्हणाली, "आत्याबाई, माह्या दिरानं काल येऊन सांगतलं. म्हणे, तू बाटली असशील त तुह्या नवऱ्याले खांदा द्याले कोणी येणार नाई. आता मी कुंपणावरून लपून घेतलं, आणि कोणी पाहिलं, त मग मी बाटलीच न?" मग माझ्याकडे वळली. "मामाजी, तुमी रविवारी आले त मी येईन. नाई आले त मी समजीन."

"मी समजीन" हे तिनं रागानं म्हटलं नाही. फार सहज म्हटलं. म्हणून ते जास्त लागलं. मी गेलो नाही तर तिची चूल तर थंड राहणारच, वरून गाव म्हणणार, पाहा, बंद केलं, म्हणजे खरंच होतं. आणि गेलो तर काय होईल ते मला माहीत नव्हतं. तिला माहीत नव्हतं. तरी ती येणार म्हणत होती.

शनिवारी दुपारी दारात मोटारसायकल थांबली. दोघं अनोळखी पोरं गाडीवरच बसून राहिली, गाडी बंदही केली नाही. तिसरा उतरून आत आला, तो आमच्याच भावकीतला. त्याच्या आज्यानं आणि मी एका टोपलीनं पाळीवर माती टाकलेली आहे.

"बाबाजी, घरी आहा का?"

"घरी नाई त काय स्वर्गात?"

तो हसला नाही. बसलाही नाही. "उद्या तांदूळ वाटू नका."

"कायले?"

"लोकं तापून राहिले. बाहेरून पोट्टे येणार आहेत. मी कितीक जणांले रोखू?"

"तू रोखून राहिला का आणून राहिला?"

गाडीवरचा एक ओरडला, "क्या बोल रहा है बुढ्ढा?" यानं मागे हात करून त्याला गप्प केलं. मला दिसलं, याच्याही कपाळावर घाम होता.

"बाबाजी, जिद्द करू नका. आज संध्याकाळी मारुतीच्या पारावर या. दोन शब्द बोला, म्हणा आता हे बंद केलं. नारळ फोडू, विषय खतम. तुमी त आमचेच आहा."

"आमचेच आहा म्हणतेस, आणि परवाच्या पहाटे नारबोदेसंगं कोणाले धाडून राहिले होते?"

आतून म्हातारीचा आवाज आला. "सांगा न त्याले. पहिल्या मापाले काय म्हणता ते सांगा न."

"चूप बस तू."

"काय म्हणते बाबाजी?" त्यानं विचारलं.

माझ्या जिभेवर आलं होतं. एक शब्द होता. मी सांगितलं असतं, लेका, मी मंतर मारत नाही, मी राम म्हणतो, तुझा आजा म्हणे तसाच. तो बाहेर जाऊन त्या दोघांना सांगता, आणि सगळं थंड झालं असतं. कदाचित त्यांनी मला पारावर नेऊन हारही घातला असता.

"काई नाई म्हणत," मी म्हटलं. "तू जा आता. गाडीचं तेल जळून राहिलं."

तो गेल्यावर म्हातारी बाहेर आली. एवढी चिडलेली मी तिला क्वचितच पाहिली.

"राम म्हणता ते खोटं आहे का?"

"खोटं नाई."

"मग सांगाले काय तोंड शिवलं होतं?"

"खरं आहे म्हणूनच नाई सांगतलं," मी म्हटलं. "सत्तर वर्षं म्हणत आलो, ते बापाची आठवण म्हणून, धानाची इज्जत म्हणून. आज मार चुकवाले म्हटलं, त मग तो राम नाई राहत. आणि येशूही नाई राहत. येशूचा तो मासे धरणारा मित्र नाई का, शेकोटीपाशी उभा राहून म्हणाला, मी त्या माणसाले ओळखतच नाई? कोंबडा आरवल्यावर रडत बसला."

"तो पोरीच्या एका प्रश्नाले भ्याला," म्हातारी म्हणाली. "तुमच्यासमोर काठ्या येणार आहेत." आणि चुलीकडे वळता वळता म्हणाली, "हा तुमचा येशू नाई बोलून राहिला. हे तुमचं नाक बोलून राहिलं."

माझ्यात किती विश्वास आहे आणि किती नाक आहे, हे देवानंच चाळणीनं चाळावं, मला ते वेगळं करता येत नाही.

संध्याकाळी पाळकाचा फोन आला. त्यालाही ते चित्र कोणी तरी पाठवलं होतं. "बाबा, उद्या प्रार्थना ज्याच्या त्याच्या घरी करा. मी सगळ्यांना सांगितलं आहे. मी येऊ का तुमच्याकडे?" मी म्हटलं, नको येऊ, तुझी लेकरं लहान आहेत. तो म्हणाला, "बाबा, त्या दिवशी तुम्ही गळ म्हणालात. बरोबर म्हणालात." फोन ठेवल्यावर मला वाटलं, आता कोणी तरी मला बरोबर म्हणण्यापेक्षा चूक म्हणून घरी बसवलं असतं तर बरं झालं असतं.

रविवारी प्रार्थनेला आम्ही दोघंच. बाकीच्या चार घरांपैकी दोन घरांचं गाडगं मागच्या दारानं आलं, दोन घरांचं आलं नाही. मी त्यांना दोष देत नाही. तांदूळ टोपल्यात पडले ते तळालाच राहिले. मी टोपलं उचललं तशी म्हातारीनं मापटं उचललं आणि पायात चपला घातल्या.

"तू कुठं?"

"तुमी पडलात त उचलाले कोणी पाहिजे न."

तलावाची पाळ लांबूनच दिसते. पाळीवर मोटारसायकली होत्या. किती होत्या ते मी मोजलं नाही, मोजायची हिंमत नव्हती. मोहाच्या झाडाखाली पोरं उभी होती, काही आपली, काही ओळखीची नाहीत. एक-दोघांच्या हातात काठ्या. बाकी सगळ्यांच्या हातात मोबाइल. कोणी वाट अडवली नाही. आम्ही जसजसे पुढे जात होतो तसतसे ते बाजूला होत होते आणि मागून पुन्हा मिळत होते, ते मला पाठीला कळत होतं. टोपलं डोक्यावर होतं म्हणून बरं, दोन्ही हात त्याला धरलेले, नाहीतर हातांचं कापणं सगळ्यांना दिसलं असतं.

घाटावर एकही बाई नव्हती. रविवारी दुपारी आमच्या तलावावर बाई नाही, असं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. दगडावर टोपलं ठेवलं. उभा राहिलो. मनात आलं, ती नाही येणार. आणि खरं सांगतो, मनात दुसरं आलं, ती न आली तर बरं. आपण आलो होतो, एवढं झालं. मान राहिली, जीवही राहिला.

ती आली. गोधड्यांचं गाठोडं डोक्यावर, एकटी. पोरांमधून चालत आली, कोणाकडे पाहिलं नाही. कोणी तरी तोंडानं चुकचुक आवाज काढला. तिनं गाठोडं दगडावर टाकलं आणि जिथं त्या दिवशी उभी होती तिथंच, गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहिली. वर कोरड्या दगडावर जागा होती. ती तिथं उभी राहिली नाही. नाक एकट्या माझ्याकडेच आहे असं नाही.

पदर पसरला.

म्हातारीनं मापटं माझ्या हातात दिलं. मी ते तांदळात घातलं, भरलं, कपाळाच्या वर उचललं. आणि माझं तोंड बंद झालं.

राम म्हटलं तर ही सगळी पोरं ऐकतील. मोबाइल सगळे वर होते. त्यांना वाटेल, बुढा भ्याला, राम म्हणून सुटला. मलाही तसंच वाटेल, कारण मी खरंच भ्यालो होतो. आणि नाही म्हटलं, सरळ एक म्हटलं, तर ते या पोरांच्या भीतीनं बापाची रीत मोडणं होतं. दोन्हीकडून भीतीच मोजणार होती, मी नाही. हात वर तसाच राहिला. मापट्यातून दोन-चार दाणे माझ्या मनगटावरून सदऱ्यात गेले.

"बोल ना बाबा," मागून कोणी तरी म्हणालं. "मंतर बोल!"

हसले. एक काठी दगडावर आपटली. टक. पुन्हा टक.

म्हातारी माझ्या इतकी जवळ होती की तिचा श्वास ऐकू येत होता.

"राम," पाण्यातली बाई म्हणाली.

मोठ्यानं म्हणाली. पूजेत म्हणतात तसं नाही. खळ्यावर मोजणारा अडला की दुसरा कोणी पुढचा आकडा सांगतो, तसं. "ओता न मामाजी. पाय गारठले माहे."

मी ओतलं. तांदूळ तिच्या पदरात पडले, काही पाण्यात पडले. मागं काठीचा आवाज थांबला होता.

"दोन," मी म्हटलं.

तीन म्हटलं. चारला टोपलं संपलं. म्हातारीनं तळाचे दाणे बोटांनी गोळा करून तिच्या पदरात टाकले. तिनं पदराची गाठ मारली आणि पाण्यात वाकून गोधड्या धुवू लागली, जसं काही झालंच नव्हतं. धुताना तिचे खांदे हलत होते, ते थंडीनं की कशानं, मला माहीत नाही.

आम्ही परत वळलो. आमच्या भावकीतला तो पोरगा वाटेत उभा होता. त्याचा मोबाइल खाली होता, पण बाजूच्याचा वर होता. आम्ही जाईपर्यंत तो सरकला नाही, मला त्याच्या बाजूनं पाळीच्या उतारावरून जावं लागलं, आणि उतारावर माझा पाय घसरला तर त्यानं माझा दंड धरला. लगेच सोडला. त्यानं मागे वळून पाहिलं, कोणी पाहिलं का.

त्या दिवशी आम्हाला कोणी मारलं नाही. तणसाचा ढीग अजून उभा आहे. त्या दिवशी जे मोबाइलमध्ये घेतलं ते मी पाहिलेलं नाही. त्यावर कोणतं गाणं लावलं, तिचा शब्द ठेवला की काढला, मला माहीत नाही. न्हावी आता दाढी करतो, बोलत नाही. किराणावाला अजून फळीवरच ठेवतो. त्या बाईचा दीर तिच्या दारात आलेला नाही. पुढे काय होईल, हे मी म्हातारीला विचारतो, म्हातारी देवाला विचारते, आणि देव आम्हाला रोज दोन मुठी बाजूला काढायला लावतो, त्यापुढे काही सांगत नाही.

दर रविवारी आम्ही जातो. मोटारसायकलचा आवाज आला की मी अजून मागे वळून पाहतो. भीती निघून गेली की पहिलं माप मी पुन्हा माझ्या तोंडानं म्हणीन. तोवर पहिलं ती पाण्यातून म्हणते आणि मी दोनपासून मोजतो.